सूत कुणाकडून घ्यायचं? दर विचारण्याआधीची कामं

सोलापुरात सूत अजून बहुतेक फोनवरच घेतलं जातं. सकाळी दलालाचा फोन येतो, "अक्का, आज २/२० दोन रुपयांनी तुटलंय, टाकू का गाडी?" आणि चहा संपायच्या आत सौदा होतो. (काउंट म्हणजे धाग्याच्या बारीकपणाचा नंबर, आणि २/२० म्हणजे २० काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेलं सूत.) यात वाईट काही नाही. दलालाला बाजार कळतो, त्याचा शब्द चालतो, अडचणीत तो उधारीही सांभाळून घेतो. फक्त या बोलण्यात दर सोडून दुसरा विषयच निघत नाही. माल कुठल्या लॉटचा, म्हणजे मिलने एका खेपेत कातलेल्या कुठल्या मालातला, नापास झाला तर परत कोण नेणार, पुढच्या महिन्यात हेच सूत मिळेल का, हे सगळं गाडी दारात उभी राहिल्यावर सुचतं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात खरेदी बघते. वर्षाचं मुख्य सूत आम्ही रीतसर प्रस्ताव मागवून, म्हणजे आरएफपी काढून ठरवतो. ते कसं करायचं ते इथे सांगते. कार्टन, केमिकल, ट्रान्सपोर्ट यांनाही हीच रीत लागू पडते, पण उदाहरणं सुताचीच देईन.

सगळ्याच खरेदीला हा खटाटोप करू नका. बेअरिंग, पट्टे, ऑफिसचे कागद यांना दोन कोटेशनं पुरतात. माल वर्षभर लागणारा हवा, तो बिघडला तर नुकसान त्याच्या किमतीपेक्षा मोठं हवं आणि तो देऊ शकणारे निदान तीन जण बाजारात हवेत. तिन्ही गोष्टी असतील तरच आरएफपीचा कागद काढा. आणि कुणाला द्यायचं हे मालकांच्या मनात आधीच पक्कं असेल तर अजिबात काढू नका. इथे सगळे एकमेकांना ओळखतात. एकदा लोकांना कळलं की तुमचा आरएफपी नुसता देखावा होता, की पुढच्या वर्षी कुणी लिफाफासुद्धा पाठवत नाही.

आधी आपल्याच शेडमध्ये विचारा

आरएफपीचं निम्मं काम पुरवठादाराचं नाव निघायच्या आधी होतं. वही घेऊन खाली जा आणि सुताला हात लावणाऱ्या प्रत्येकाला विचारा की त्रास कशाचा होतो. मागांवर देखरेख करणारा जॉबर म्हणेल, ताणा (उभा धागा) फार तुटतो. ताण्याचे बीम भरणारा वार्पिंगवाला म्हणेल, सुताचे कोन सारख्या वजनाचे येत नाहीत, काही आधी संपतात आणि उरलेल्यांच्या कांड्या होतात. चेकिंगच्या बायका तुम्हाला पांढरा टॉवेल उजेडात धरून दाखवतील. त्यात एखादा निळा नाहीतर लाल तंतू अडकलेला असतो. कापसाच्या वेचणीत, गोणीत, सुतळीत जे प्लास्टिक मिसळतं ते थेट सुतात येतं. ते रंगही घेत नाही आणि ब्लीचमध्ये जातही नाही. पांढऱ्या मालात तो एक तंतू टॉवेलला सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, घालवायला पुरतो.

डाइंग मास्टरकडे जास्त वेळ बसा, कारण सगळ्यात महागडी तक्रार त्याच्याकडे असते: लॉट मिसळणं. एकाच मिलचं, एकाच काउंटचं सूत असलं तरी दोन लॉटचा कापूस वेगळा असू शकतो आणि तो रंग वेगळा पितो. कोऱ्या कापडात काहीच दिसत नाही. रंगातून बाहेर आलं की पाइलच्या, म्हणजे टॉवेलवरच्या लूपच्या, बीममध्ये (उभे धागे गुंडाळलेल्या रुळात) मिसळलेले लॉट उभ्या रेघा होऊन उठतात, बाण्यात (आडव्या धाग्यात) मिसळलेले आडवे पट्टे होऊन. तोवर सूत, विणाई, रंग, वाफ सगळा खर्च त्या टॉवेलवर चढलेला असतो. म्हणून आमच्या कागदावर मोठ्या अक्षरात असतं: एका गाडीत एकच लॉट, प्रत्येक पोत्यावर लॉट नंबर, लॉट बदलायचा असेल तर आधी कळवा.

मग तांत्रिक पान लिहायचं. "उत्तम प्रतीचं सूत" असं लिहू नका, त्याचा अर्थ कुणालाच लावता येत नाही. काउंट आणि त्यात वरखाली किती चालेल, सीएसपी (मजबुतीचा आकडा) कमीत कमी किती, यू टक्के (धाग्याच्या जाडीतला असमानपणा) जास्तीत जास्त किती, पीळ, ओलावा, कोनचं निव्वळ वजन. हे आकडे दुसऱ्या कारखान्याच्या कागदावरून उचलू नका. ज्या सुतावर तुमचे माग सगळ्यात कमी थांबले त्या लॉटचा टेस्ट रिपोर्ट फाइलमधून काढा आणि तेच आकडे थोडी सूट देऊन लिहा. गरजेपेक्षा कडक आकडे मागितले की दर चढतो, आणि त्या जादा पैशांचं टॉवेलमध्ये काहीच दिसत नाही.

ओलाव्याचं कलम विसरू नका. सुती धाग्यात ८.५ टक्के ओलावा हे मान्य प्रमाण आहे. त्याच्या वर जे काही असेल ते पाणी आपण सुताच्या भावाने विकत घेत असतो.

आणि जे मागाल ते आपल्याला तपासता आलं पाहिजे. सगळं लॅबवर सोडायची गरज नाही. काउंट तर शेडमध्येच कळतो. दीड वार घेराच्या रॅप रीलवर ८० फेरे घेतले की १२० वारांची एक ली होते. ती दशांश दाखवणाऱ्या काट्यावर ग्रॅममध्ये तोला आणि ६४.८ ला त्या वजनाने भागा. २० नंबरची ली ३.२४ ग्रॅम भरली पाहिजे, २/२० ची ६.४८. सात-आठ कोनांवर करा. आकडे एकमेकांपासून लांब पडले तर सरासरी बरोबर असूनही सूत चांगलं नाही.

कागदात काय

चार-पाच पानं पुरतात. आपण कोण, काय बनवतो, महिन्याला किती सूत लागतं, कुठल्या शेडवर उतरवायचं, पैसे कधी देणार, प्रश्न कोणते, गुण कसे देणार, शेवटची तारीख आणि बोलायला एकच माणूस. सरकारी टेंडरची नक्कल करून अनामत, स्टँप पेपर, प्रतिज्ञापत्र मागत बसू नका. चांगली मिल असल्या कागदाला उत्तरच देत नाही. तिला गिऱ्हाईक कमी नसतात.

महिन्याचा आकडा फुगवू नका. जास्त माल दाखवला की दर कमी मिळतो हे खरं, पण तो दर पहिले दोनच महिने टिकतो. उचल कमी दिसली की तिसऱ्या महिन्यात आपल्या गाडीचा नंबर मागे जातो. आम्ही किमान आणि कमाल असे दोन आकडे देतो आणि किमान माल उचलायची लेखी हमी देतो.

प्रश्न असे विचारा की उत्तरात कागद, आकडा किंवा नाव यावं लागेल. "तुमचा दर्जा चांगला आहे का?" याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. आमचे नेहमीचे प्रश्न:

- गेल्या तीन महिन्यांत या काउंटच्या जेवढ्या लॉट काढल्या, त्या सगळ्यांचे टेस्ट रिपोर्ट जोडा. निवडक नकोत.
- परके तंतू पकडणारे क्लिअरर ऑटोकोनरवर (सूत कोनवर गुंडाळणाऱ्या मशिनीवर) आहेत का? सगळ्या मशिनींवर की काहींवरच?
- मिसळलेले कोन ओळखायला पॅकिंगआधी यूव्ही दिव्याखाली बघता का?
- एका लॉटमध्ये सलग किती टन देऊ शकता?
- माल नापास झाला तर तुमचा माणूस किती दिवसांत येईल? परतीचं भाडं कुणाचं?
- दरात रुई किती आणि कताई किती, वेगळं लिहा.

शेवटच्या प्रश्नावर बरेच जण अडतात, पण तो सोडू नका. त्याचं कारण पुढे येईल.

कुणाला पाठवायचं

पाच-सहा जणांना, त्याहून जास्त नको. आलेलं प्रत्येक उत्तर नीट वाचायचं असतं. आमच्या यादीत तमिळनाडूतल्या मिल असतात, महाराष्ट्रातल्या असतात आणि इथले दलालही असतात. दलालाला वगळू नका. त्याने फक्त कुठल्या मिलचं सूत देणार ते लिहून द्यायचं आणि त्या मिलचे रिपोर्ट जोडायचे. "जे चांगलं मिळेल ते देतो" हे उत्तर आम्ही बाद धरतो.

पाठवण्याआधी जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून बघा: नोंदणी चालू आहे का, रिटर्न वेळेवर भरली जातात का. समोरच्याने रिटर्न भरलं नाही तर त्याचं बिल आपल्या २बी मध्ये (पोर्टलवरच्या आपल्या खरेदीच्या क्रेडिटच्या यादीत) दिसत नाही आणि भरलेल्या जीएसटीचं आपलं क्रेडिट अडकतं. स्वस्त सूत तिथेच महाग होतं.

कागद गेला की फोन सुरू होतात. नियम एकच ठेवा: एकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, त्याचं नाव न घेता, सगळ्यांना लेखी. दोन लॉटच्या मधल्या दिवसांबद्दल कुणी विचारलं तर ते उत्तर सहाही जणांच्या मेलवर जातं. बाकीचे फोन दराचेच असतात.

"अक्का, समोरच्याने काय भरलंय तेवढं सांगा, मी एक रुपया कमी करतो."

"अण्णा, मग तुमचा आकडा मी त्यांना सांगितला तर चालेल का?"

"तसं कुठं म्हणालो मी?"

एवढं पुरतं. तो हसतो, फोन ठेवतो आणि बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी व्यवस्थित लिफाफा आणून देतो.

दोन लिफाफे

माहिती एका लिफाफ्यात, दर दुसऱ्यात. मेलने मागवत असाल तर दोन वेगळ्या फाइली आणि दराच्या फाइलला पासवर्ड. पहिल्या लिफाफ्याचे गुण देऊन, सह्या करून झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. ही एक शिस्त पाळली तर बाकी थोडं ढिलं झालं तरी चालतं. कारण आकडा एकदा डोळ्यांखालून गेला की स्वस्तवाल्याचे रिपोर्ट आपोआप बरे वाटायला लागतात. मालकांना तर दरच आधी बघायचा असतो, तेव्हा तो लिफाफा त्यांच्याच कपाटात ठेवायला द्या आणि किल्ली अकाउंटंटकडे.

गुणांची वाटणी कागद पाठवतानाच ठरलेली हवी. आमची साधारण अशी: सुताचा दर्जा आणि नमुना ४०, पुरवठ्याची खात्री २०, तक्रार निवारण १०, दर ३०. गुण तिघांनी वेगवेगळे द्यायचे, एकत्र बसून नाही. आमच्याकडे डाइंग मास्टर, विणाईचा सुपरवायझर आणि मी. एखाद्या ओळीत फार फरक पडला तर का दिले ते एकमेकांना सांगायचं. बहुतेक वेळा एकाला असं काही माहीत असतं जे बाकी दोघांना नसतं.

आता दर. समोरासमोर ठेवण्याआधी सगळे दर आपल्या दारातले करून घ्या. समजा 'अ' मिल २४८ रुपये किलो म्हणते, मिलच्या दारात, रोख. भाडं ३ रुपये. म्हणजे २५१. 'ब' मिल २५२ म्हणते, सोलापूर पोच, ४५ दिवसांनी पैसे. आपल्या कॅश क्रेडिटचं व्याज १२ टक्के धरलं तर २५२ वर ४५ दिवसांचं व्याज ३ रुपये ७३ पैसे होतं. ते वजा केलं की 'ब' पडली २४८.२७ ला. चार रुपये महाग वाटणारी मिल पावणेतीन रुपये स्वस्त निघाली.

गुण काढायची रूढ रीत म्हणजे सगळ्यात कमी दराला त्या दराने भागून ३० ने गुणायचं. 'ब' ला ३०, 'अ' ला २९.६७. एक तृतीयांश गुणाचा फरक! दराला ३० ऐवजी ६० गुण ठेवले तरी फरक पाऊण गुणाच्या आतच राहतो. सुताचे दर एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे या सूत्रात निकाल दर लावतच नाही, दर्जाच लावतो. मला ते पटतं. मालकांना पटत नसेल तर वाद आधी घाला आणि सूत्र बदला. सगळ्यात कमी दराला पूर्ण गुण आणि वरच्या प्रत्येक रुपयाला ठरावीक गुण वजा, असंही करता येतं. पण ते कागद पाठवण्याआधी. लिफाफा उघडल्यावर सूत्र बदललं तर मग फोनवरच घ्यायचं होतं.

उधारीचे दिवस बघताना कायदाही बघा. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे ठेवता येत नाहीत, आणि करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात आणलेल्या तरतुदीमुळे अशी थकलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष भराल त्या वर्षीच धरता येते. त्यामुळे छोट्या उत्पादकाने ९० दिवस देतो म्हटलं तरी तुलनेत ४५ च धरा. मोठ्या मिलचं आणि व्यापाऱ्याचं गणित वेगळं असतं, ते तुमच्या सीएकडून करून घ्या.

नमुना, भेट आणि करार

वरच्या दोघा-तिघांकडून नमुना मागवा, पण चार कोनांचा नको. चार कोन कुणीही निवडून पाठवतो. एक पूर्ण बीम भरेल एवढं सूत पैसे देऊन घ्या, तुमच्याच मागावर चालवा, तुमच्याच डाइंगमध्ये सगळ्यात अवघड रंगछटेत काढा. आमच्याकडे ती छटा राखाडी आहे, त्यात रेघ लगेच डोळ्यात भरते. माग किती वेळा थांबला ते जॉबरला पाटीवर लिहायला सांगा. मिल बघायला गेलात तर मशिनींपेक्षा गोदामात जास्त फिरा: वेगवेगळ्या लॉटची पोती वेगळी रचलेली आहेत का आणि नंबर वाचता येतो का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

करारात दर वर्षभरासाठी गोठवू नका. कापूस चढला की मिल माल थांबवते आणि उतरला की आपल्याला झोप येत नाही. इथे तो रुई-कताईचा वेगळा आकडा कामी येतो. कताईचा दर वर्षभर पक्का, रुईचा भाग महिन्याला बदलणारा. कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया रोज स्पॉट दर जाहीर करते, तो आधार म्हणून करारातच लिहा, कुठल्या जातीचा ते धरून. खंडी ३५६ किलोची. खंडीला हजार रुपये वाढले की रुईच्या किलोला २ रुपये ८१ पैसे वाढतात. कताईत काही रुई वाया जाते म्हणून सुतावर त्याहून थोडी जास्त वाढ रास्त आहे, पण पाच रुपये नाही. एवढा हिशेब हाताशी असला की "कापूस पेटलाय, अक्का" या वाक्यावर घाबरायला होत नाही.

सगळा माल एकालाच देऊ नका. पहिल्याला साधारण सत्तर टक्के, दुसऱ्याला तीस, फक्त पाइलचं सूत एकाकडे आणि बाण्याचं दुसऱ्याकडे, म्हणजे लॉट मिसळायचा प्रश्नच येत नाही. नापास मालाचं कलम साधं ठेवा: सुताचं कापड होण्याआधी दोष सापडला तर बदली माल आणि भाडं त्यांचं, रंगानंतर सापडला तर दोघांनी मिळून कापड बघायचं आणि नुकसान कसं वाटायचं ते आधीच लिहिलेलं असायचं. यावर मिल घासाघीस करणारच. करू द्या. जी मिल या कलमावर न बोलता सही करते तिची मला जास्त काळजी वाटते.

ज्यांना माल मिळाला नाही त्यांना फोन करा. पत्रही चालेल, पण फोन बरा. कुठे गुण कमी पडले ते सांगा, विजेत्याचा दर मात्र सांगू नका. एका दलालाला आम्ही रिपोर्ट अपुरे होते असं सांगितलं, तर पुढच्या खेपेला तो मिलच्या क्वालिटीच्या माणसालाच घेऊन आला.

वेळापत्रकाचं तेवढं राहिलं. कापसाचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे करार त्या सुमारास लागू झाला तर दोघांनाही सोयीचं. मागे मोजत यायचं: सप्टेंबर नमुने आणि बीम चालवण्यात जातो, ऑगस्टमध्ये उत्तरं यायला हवीत, कागद जुलैत निघायला हवा. शेवटची तारीख नारळी पौर्णिमेच्या आसपास ठेवू नका. मार्कंडेय महाराजांच्या रथाच्या दिवशी पूर्व भागातला एकही दलाल तुम्हाला लिफाफा आणून देणार नाही. आणि काही कारणाने सगळं जानेवारीवर ढकललं गेलं तर संक्रांतीचा आठवडा सोडूनच द्या: इकडे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते आणि तिकडे तमिळनाडूच्या मिलमध्ये पोंगलची सुट्टी, म्हणजे दोन्ही बाजूंना फोन उचलायला कुणी नसतं.